कळकाचा बार

शुक्राने रॉकेलचा रिकामा डबा अंगणात पालथा घातला, दोन्ही हातांनी मुसळ उचलले आणि सगळे बळ एकवटून डब्यावर आदळले. डब्याला खोल पोचा पडला, कोंबड्या उडाल्या आणि गोठ्यातल्या म्हशीने दावे तोडून थेट परड्याचा रस्ता धरला. वेशीवरच्या चिंचेखाली कान देऊन उभा राहिलेला बुधाजी थोड्या वेळाने मान हलवत परत आला.

"आला का आवाज?" शुक्राने विचारले.

"आला."

"बारासारका?"

"कुनाच्या तरी घरात चोर शिरलाय, तसा. पाव्हनं वरात घेऊन नाय, काठ्या घेऊन आत येतील."

ओटीवर पळसाच्या पत्रावळी लावत बसलेल्या पारूबाईला हसू आले. हसता हसता तिच्या हातातली काडी मोडली, कारण खरे तर हसण्यासारखे काही उरले नव्हते. परवा तिच्या लेकीचे, चंद्रभागेचे, लग्न व्हायचे होते, आणि वेशीवर बार द्यायचा शब्द तिने स्वतःच्या तोंडाने दिला होता.

शब्द दिला गेला तो असा. आठवड्यापूर्वी नवऱ्या मुलाचे चुलते कोंडीराम खालापूरकडून याद्या करायला आले होते. माणूस हौशी, लाल फेटा बांधणारा, जेवायला बसला की घरच्या बाईची तोंडभरून स्तुती करणारा. देणेघेणे गोडीने ठरले, पानसुपारी झाली, आणि उठता उठता ते म्हणाले, "एक राह्यलं. आमच्यात वेशीवर बार झाल्याबिगर नवरदेव पाऊल उचलत नाय. तुमच्याकडं बंदूक नाय, ते मला ठाव हाय. काळजी करू नका, माझी आनतो."

बुधाजीने पानाचे तबक उगाच मागे ओढले. कोंडीरामांना या गावाची गोष्ट माहीत होती; ती अख्ख्या तालुक्याला माहीत होती.

"आठ वर्सं झाली की वो आता," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते.

"बंदूक नगं," पारूबाई दाराआडून म्हणाली. "बार आमी देऊ."

"कशानं?"

"ते आमचं आमी बघू. तुमाला बार पायजे ना? मिळंल."

कोंडीराम खूश होऊन गेले. त्यांची पाठ वळली तसा पारूबाईचा दीर बुधाजी तिच्याकडे बघतच राहिला.

आठ वर्षांपूर्वी, म्हणजे एकोणसाठ सालच्या शिमग्यात, सगळे गाव चिंचेखाली होळीभोवती जमले होते. होळी असो की लग्न, बार द्यायचा मान गावात एकाच घराचा होता, ठकूबाईच्या घराचा. तिचा मुलगा मालोजी जंगलाच्या ठेकेदाराकडे राखणदार होता आणि त्यांच्या घरात दुनळी बंदूक होती. त्या दिवशी पहिला आवाज झाला, तेव्हा लोकांनी रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या. बापाच्या खांद्यावर बसलेल्या दहा वर्षांच्या चंद्रभागेनेही वाजवल्या. दुसरा आवाज झाला आणि तिचा बाप काळूराम गुडघ्यांवर खाली बसला, तेव्हा कुठे लोकांना कळले. तोवर मालोजी पुन्हा काडतुसे भरत होता. चार माणसे गेली, सहा जखमी झाली.

मग जे व्हायचे ते सगळे झाले. पोलीस आले, पंचनामा झाला, मुंबईचे पेपरवाले चिंचेचा फोटो काढून गेले. एक पुढारी येऊन म्हणाला की असे पुन्हा होता कामा नये. त्याबद्दल गावात कोणाचे दुमत नव्हते. मालोजीने हे का केले ते कोणालाच कळले नाही, म्हणून जो तो कारण सांगू लागला. कोणी शेताचा बांध सांगितला, कोणी दारू, कोणी डोक्यात गेलेला ताप. मला आधीच शंका आली होती, असे म्हणणारी माणसे तर इतकी निघाली की ही सगळी आधी कुठे लपून बसली होती असा प्रश्न पडावा. मालोजीला जन्मठेप झाली आणि तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच आजारी पडून मेला.

गावात आणखी तीन परवान्याच्या बंदुका होत्या. बुधाजीने त्या बैलगाडीत घालून कर्जतच्या ठाण्यात जमा केल्या, आणि रानडुकरांनी दोन वर्षे भात लोळवला तरी कोणी त्या परत आणायला गेले नाही. एवढे गावाने विचार करून केले. बाकीचे न ठरवताच झाले. ठकूबाईला कोणी वाईट बोलले नाही, कारण तिच्याशी कोणी बोललेच नाही. आणि गावात टाळी वाजायची थांबली. भजनाला टाळ असत, आरतीला झांज असे, पण हातावर हात कोणी मारत नसे. चंद्रभागा आरतीला उभी राहिली की दोन्ही हात पाठीमागे धरायची. आठ वर्षे पारूबाई ते बघत आली होती, आणि एकदाही पोरीला त्याबद्दल विचारायचे धाडस तिला झाले नव्हते.

बारासाठी डबा हा तिसरा उपाय होता. पहिला उपायही शुक्राच्याच डोक्यातून निघाला होता. शुक्रा म्हणजे पारूबाईचा धाकटा भाऊ, ठाकुरवाडीला रेल्वेत गँगमन. भाचीच्या लग्नाला रजा काढून आलेला. धुक्यात इंजिनवाल्याला सावध करायला रुळावर जो फटाका ठेवतात, तो बंदुकीपेक्षा मोठा वाजतो, असे त्याने छातीठोकपणे सांगितले.

"आन मग," बुधाजी म्हणाला. "आनि येताना इंजिन पन आन, त्याच्यावरनं न्यायला."

दुसरा उपाय दिवाळीच्या फटाक्याचा. कशेळ्याच्या दुकानातून एक शिळा फटाका आणून शुक्राने काल तो विहिरीमागे लावला. आवाज झकास झाला. पण विहिरीवरच्या चार बाया आणि पारावरचे पाच पुरुष पापणी लवायच्या आत जमिनीवर आडवे झाले होते. मग एकेक जण उठला. एक म्हणाला, विडी पडली होती. दुसरा म्हणाला, पायात काटा मोडला. बायांनी हंडे उचलले आणि कोणी कोणाकडे पाहिले नाही. घरात चंद्रभागा कणगीमागे सापडली. "कनगी झाडत होते," ती म्हणाली. तिच्या हातात झाडू नव्हता.

पारूबाईने तेव्हाच ओळखले होते. परवा कोंडीरामांची बंदूक वाजली, तर पोरगी मुंडावळ्यांसकट कणगीमागे जाऊन बसेल. आणि सासरी पहिल्याच दिवशी जी गोष्ट तिला चिकटेल, ती जन्मभर सुटायची नाही.

"बंदूक यायच्या आदी काय करीत असतील?" डब्याचा पोचा आतून ठोकत शुक्राने विचारले. "तवा काय लग्नं होत नव्हती?"

बुधाजीने डोके खाजवले. "होत की. आमचा बा सांगायचा, त्याच्या लग्नाला बार झाला होता. पन कशाचा, ते काय इचारलं नाय मी. त्यांच्या घरचा मान, त्यांनाच ठाव."

त्यांच्या म्हणजे कोणाच्या, ते त्याने सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. पारूबाईने हातातली पत्रावळ खाली ठेवली, पदर खोचला आणि ती अंगण उतरली.

"वैनी, कुठं?"

"इचारून येते."

"अवो वैनी—"

"मग काय, कोंडीरामांची बंदूक आनू?"

बुधाजी बाजूला सरला. त्याचा भाऊ गेला होता, तिचा नवरा गेला होता. आडवे जायचा हक्क दोघांपैकी कोणाचा जास्त, हे त्याला ठरवता येईना.

ठकूबाईचे घर गावाच्या वरच्या अंगाला, शेवटचे. आठ वर्षांत पारूबाईने त्या बाजूचे गवतसुद्धा कापले नव्हते. अंगणाच्या कुडाशी ती पोचली तेव्हा आतून भांडण ऐकू आले.

"तुला कितींदा सांगायचं रं? ती अंड्यावर बसलीय, तिला तरास देऊ नगं. मोठा आला तुरा मिरवनारा!"

कोंबड्याला रागे भरत ठकूबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. पारूबाईला बघितल्यावर ती बोलायची थांबली. हात मात्र तांदळात तसाच फिरत राहिला, जणू थांबला तर पुन्हा चालू होणार नाही.

"काकी," पारूबाई म्हणाली. हा शब्द तोंडात यायला तिला वेळ लागला.

"कशाला आलीस गं?"

"चंद्रीचं लगीन हाय."

"ठाव हाय. हळदीची गानी इथवर येत्यात." ठकूबाईने एक खडा टिपून दूर फेकला. "बरं झालं. पोर गोरीगोमटी आनि गुनाची हाय. लांबनं बघते मी."

पारूबाई जे बोलायचे ठरवून आली होती ते सगळे विसरली. येताना वाटेत तिच्या मनात राग होता, तो दारात पाऊल टाकेपर्यंत होता; आणि आता समोर एक म्हातारी बाई कोंबड्याशी भांडत बसलेली होती. तिने एका दमात सांगून टाकले. कोंडीराम, बंदूक, दिलेला शब्द, शुक्राचा डबा, तुटलेले दावे, परड्यात धावलेली म्हैस. म्हशीपाशी आल्यावर ठकूबाईच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"बंदुकीच्या आदी तुमच्या घरात कशाचा बार देत, ते सांगा मला."

"कळकाचा," ठकूबाई म्हणाली. "माझी सासू द्यायची. हिरवागार ओला कळक घ्यायचा, दोनी गाठी राखून पेर कापायचं आनि इस्तवात घालायचं. आतलं पानी तापलं की फुटतं. दोन रानं पल्याड आवाज जातो."

"साधा बांबू?"

"साधा बांबू. मग ह्यांनी बंदूक घेतली. बांबू गावंढळ वाटाय लागला." तिने सूप एकदा हलवले. मग सुपाकडे बघत म्हणाली, "बंदूक सांगत नाय गं, पारू. कळक सांगतो. आदी सूं करतो, गाठीतनं फेस काढतो, मग फुटतो. ज्याला लांब जायचं त्याला जायला येळ देतो."

पारूबाई उंबऱ्याशी खाली बसली.

"पेरं मी कापून देते," ठकूबाई म्हणाली. "टाकायला दुसरं कुनी बघ."

"मान तुमच्या घराचा हाय."

"त्या घरात आता कोन हाय? मी. मला मेघ गरजला तरी गोधडीत शिरावं लागतं. आनि मी तिथं चिंचेखाली हुबी राह्यले, तर तुझ्या पोरीच्या लग्नाला कोन थांबंल?"

"मी थांबंन. माझ्या पोरीचं लगीन हाय, मला थांबावंच लागंल."

ठकूबाईने पहिल्यांदा वर पाहिले. पारूबाई लगबगीने आली होती. अक्षत द्यायला येतात तसे तिच्या हातात काही नव्हते. तिने पुढे वाकून ठकूबाईच्याच सुपातले चिमूटभर तांदूळ उचलले आणि ठकूबाईच्याच उंबऱ्यावर ठेवले.

"घाईत आले. ही अक्षत समजा," ती म्हणाली. "परवा दिस कलताना. न्हाऊन, नवं लुगडं नेसून या."

संध्याकाळी शुक्रा घरोघर फिरला. त्याला सांगितले होते एवढेच की बार होणार आहे आणि कळकाचा होणार आहे. बाकीचे त्याने पदरचे घातले. "बार समद्यांनी बघायचा हाय! समोर हुबं राहून बघायचा! ज्याला भ्या वाटतं त्यानं कानात कापूस घाला, ज्याच्याकडं कापूस नाय त्यानं बायकोचा हात धरा!" मानकरी कोण, असे लोक विचारत, तेव्हा तो सांगे आणि लगेच पुढच्या घरी जाई. मागे काय बोलणे होते ते ऐकायला तो थांबला नाही. दोन घरांनी दारे लावून घेतली. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याने दार अर्धे लोटले, पुन्हा उघडले आणि म्हणाला, "कळक माझ्या बेटातला न्या. माझा ओला हाय."

चंद्रभागेला आईनेच सांगितले. पोरगी हळदीने पिवळी होऊन बसली होती आणि कासारणीने नुकत्याच हिरव्या बांगड्या भरल्या होत्या.

"ठकूआजी टाकनार?" तिने विचारले.

"हां."

"मला बघता यील का?"

"नवरी मांडवातनं भाईर येत नाय."

"मांडवाला आंब्याचे डहाळे तर लावलेत नुसते," चंद्रभागा म्हणाली. "त्यातनं दिसतं."

लग्नाच्या दिवशी उन्हे कलली आणि खालापूरची मंडळी वाजतगाजत चिंचेखाली येऊन थांबली. नवरदेव बैलगाडीत, फेट्याखाली घामाने निथळलेला. पुढे कोंडीराम, मिशीला पीळ देत. त्यांची बंदूक खरोखरच आली होती. लाल कापडात गुंडाळून गाडीच्या तळाशी ठेवली होती, वेळेला असावी म्हणून. बुधाजीने ती बघितली. पारूबाईनेही बघितली.

"इहीनबाई, आमी आलो!" कोंडीराम म्हणाले. "बार होऊ द्या!"

चिंचेपासून दहा पावलांवर विस्तव पेटवून ठेवला होता. त्याच्याभोवती गाव जमले होते, दारे लावून घेतलेली दोन घरे सोडून. नंतर बघितले तर त्यांतल्या एका घरातली माणसे कुडावर चढून बसली होती. ठकूबाई वरच्या वाटेने खाली आली. लुगडे नवे नव्हते, पण धुऊन घडी घातलेले होते. हातात सूप, सुपात तीन हिरवी पेरे. वाट करून द्यायला लोक बाजूला सरले. ती कोणाकडे न बघता विस्तवापाशी गेली, एक पेर निखाऱ्यांत सारले आणि मागे सरकून पारूबाईच्या शेजारी उभी राहिली.

काहीच झाले नाही.

वाजंत्र्याने सनई तोंडाला लावली आणि पुन्हा खाली घेतली. कोंडीरामांनी मनगटावरचे घड्याळ बघितले. बैलाने शेण टाकले.

"लई ओला कापला वाटतं," शुक्रा हळूच म्हणाला.

"तू डबा आनू नगंस म्हंजे झालं," बुधाजी पुटपुटला, आणि आसपासचे पाचसहा जण न राहवून हसले. त्या हसण्यानेही लोक दचकले. या चिंचेखाली कोणी हसल्याला फार दिवस झाले होते.

"इहीनबाई," कोंडीराम म्हणाले, "मी म्हनतो, गाडीत आपली हाय—"

"थांबा पाव्हनं," पारूबाई म्हणाली. "ते आदी सांगंल."

आणि ते सांगू लागले. निखाऱ्यांतून बारीक सूं असा आवाज आला. पेराच्या गाठीशी पांढरा फेस आला, त्याचा फुगा झाला, फुटला. सूं वाढत गेले. विहिरीवरच्या बायांनी एकमेकींचे पदर धरले. पारावरचे पुरुष पाय रोवून उभे राहिले. कोणाला आडवे व्हायचे असेल तर व्हायला वेळ होता. सगळे तिकडे बघत होते, आवाज कुठून येणार ते डोळ्यांसमोर होते. कोणी आडवे झाले नाही.

धडाड करून पेर फुटले. निखारे उडाले, चिंचेवरचे कावळे एकदम उठले, आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. राख खाली बसली, तेव्हा गाव जागच्या जागी होते. कोंडीराम मात्र गाडीमागे होते. ते कधी गेले आणि कसे गेले, ते कोणी बघितले नव्हते.

बार झाला की काय करायचे असते ते तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होते, आणि एकाचाही हात वर येईना. बुधाजीने तळवे धोतराला पुसले आणि तसेच खाली सोडले. एवढे सगळे करून हे एवढेच राहिले, असे पारूबाईला वाटले आणि तिला रडू यायला लागले.

तेव्हा मांडवाकडून आवाज आला. आंब्याच्या डहाळ्यांमागून, हिरव्या बांगड्यांचा. आधी एकदा, चुकून झाल्यासारखा. मग पुन्हा. मग भराभर टाळ्या, बांगड्या फुटतील अशा, दोन्ही हातांनी.

पारूबाईने मागे वळून बघितले नाही. बघितले तर पोरगी थांबेल, अशी तिला भीती वाटली. पण तिच्या डाव्या बाजूला शुक्राने हात उचलले, मग बुधाजीने, मग विहिरीवरच्या बायांनी. कुडावर चढून बसलेल्यांनी एका हाताने कूड धरून मांडीवर थापा मारल्या. खालापूरच्या मंडळींना वाटले, या गावाला बाराचे भलतेच कौतुक दिसते, आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सनई सुरू झाली. कोंडीराम फेट्यावरची राख झटकत गाडीमागून बाहेर आले आणि म्हणाले, "वा! बार म्हंजे बार!" त्यावर जो हशा पिकला, तो टाळ्यांपेक्षा मोठा होता.

ठकूबाईला यातले काहीच कळले नव्हते. तिने डोळे घट्ट मिटून दोन्ही तळवे कानांवर दाबून धरले होते.

पारूबाईने तिचे मनगट धरले. एक हात कानावरून काढला, मग दुसरा.

"काकी," ती म्हणाली, "ऐका तरी."

ठकूबाईने डोळे उघडले. बराच वेळ ती ऐकत राहिली. गावाकडे बघितले, मांडवाकडे बघितले. मग खाली वाकून तिने सुपातले दुसरे पेर उचलले आणि कोणी न सांगता निखाऱ्यांत सारले.